ॲफिनिटी कॅनव्हाकडे गेलं, आता त्यावर धंदा ठेवावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. लग्नाचे फोटो आणि अल्बम करणारा एक छोटा स्टुडिओ. ॲफिनिटी फोटो 2 हे फोटो सुधारण्याचं सॉफ्टवेअर एकरकमी पैसे भरून घेतलेलं. त्याच्याच एएफफोटो स्वरूपातल्या चार-पाचशे फाइली साठलेल्या, त्यात अल्बमच्या तयार शीटही आल्या. आता ही आवृत्ती विकत मिळत नाही, नवी फुकट मिळते पण ती विकत घेणाऱ्या कॅनव्हा या ऑनलाइन डिझाइनच्या कंपनीचं खातं मागते. तर नवी घ्यावी, जुनीवर राहावं, की सरळ फोटोशॉपची वर्गणी सुरू करावी?

आधी उत्तर देतो. हातातलं सॉफ्टवेअर आज बदलू नका, पण त्यातून बाहेर पडायची वाट याच महिन्यात बांधा. ही वाट जुनं सॉफ्टवेअर नीट चालत असतानाच बांधता येते. ते उघडेनासं झालं की त्यातल्या लेयर (एकावर एक ठेवलेले, वेगळे बदलता येणारे थर) आणि मास्क (थराचा ठरावीक भाग झाकणारे) बाहेर काढायला दुसरं काहीच कामाला येत नाही, कारण एएफफोटो हे स्वरूप खुलं नाही. दुसरा कुठलाही प्रोग्रॅम ते पूर्ण वाचेल याच्या भरवशावर राहू नये.

काय घडलं ते क्रमाने बघू. ॲफिनिटी बनवणारी सेरिफ ही इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमची कंपनी. 2014 मध्ये डिझायनर, 2015 मध्ये फोटो, 2019 मध्ये पब्लिशर आणि नोव्हेंबर 2022 मध्ये तिन्हींची दुसरी आवृत्ती आली. वर्गणी नाही, एकदा पैसे द्या आणि वापरा, यावरच लोक तिच्याकडे वळले होते. मार्च 2024 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या कॅनव्हाने सेरिफ विकत घेतली. लोक धास्तावल्यावर लगेच जाहीर वचन दिलं गेलं: कायमस्वरूपी परवाना नेहमी मिळत राहील, आणि वर्गणी आलीच तर ती त्याच्या जोडीला फक्त एक पर्याय म्हणून असेल. ऑक्टोबर 2025 मध्ये विक्री थांबली आणि 30 ऑक्टोबरला तिन्ही ॲप एकत्र करून एकच 'ॲफिनिटी' फुकट दिलं गेलं. पैसे मोजावे लागतात ते कॅनव्हाच्या एआय सोयींसाठी. त्या सशुल्क योजनेतच मिळतात. दुसऱ्या आवृत्तीचे परवाने चालू राहतील, मात्र तिला नवे अपडेट मिळणार नाहीत.

वचन मोडलं का, यावर लोक अजून वाद घालतात. वर्गणी सक्तीची झाली नाही, हे खरं. विकत घेता येईल असा कायमचा परवाना आता उरला नाही, हेही तितकंच खरं. माझ्या मते धंद्याच्या दृष्टीने दुसरी गोष्ट जास्त जड आहे. पैसे भरून घेतलेल्या वस्तूवर आपला हक्क असतो. फुकट मिळालेल्या वस्तूच्या अटी देणारा उद्या बदलू शकतो, आणि आपल्या हाती त्याला धरायला काही नसतं. नवी ॲफिनिटी वाईट आहे असा याचा अर्थ नाही. ती चांगली चालते, फाइली तुमच्याच संगणकावर ठेवते, आणि एकदा खात्याने सुरू केल्यावर इंटरनेटशिवायही चालते. पण ग्राहकाचं पाच वर्षांपूर्वीचं काम पुन्हा उघडायची जबाबदारी ज्याच्यावर आहे, त्याने तिच्या भविष्यावर पैज लावू नये.

आता फोटोच्या सॉफ्टवेअरचं अशा खरेदीनंतर प्रत्यक्षात काय होतं ते बघा, कारण याची उदाहरणं भरपूर आहेत. सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण निक कलेक्शनचं. सिल्व्हर एफेक्स, कलर एफेक्स, व्हिवेझा हे प्लगइन (फोटोशॉपसारख्या प्रोग्रॅमला जोडायची छोटी हत्यारं) बनवणारी निक सॉफ्टवेअर गूगलने सप्टेंबर 2012 मध्ये घेतली. गूगलला मुख्यतः हवं होतं ते निकचं मोबाइलवरचं फोटो ॲप स्नॅपसीड. पूर्ण संच तेव्हा सुमारे 500 डॉलरचा होता. मार्च 2013 मध्ये तो 149 डॉलरला आला आणि मार्च 2016 मध्ये चक्क फुकट झाला. त्या वर्षी विकत घेतलेल्यांना पैसे परतही मिळाले. लोक खूश झाले. मे 2017 मध्ये गूगलने सांगून टाकलं की यापुढे अपडेट नाहीत. नव्या मॅक ओएसवर आणि नव्या फोटोशॉपमध्ये प्लगइन मध्येच बंद पडू लागले. ऑक्टोबर 2017 मध्ये फ्रान्सच्या डीएक्सओने संच घेतला आणि जून 2018 मध्ये तो पुन्हा पैसे घेऊन विकायला काढला. त्याच वर्षी डीएक्सओ स्वतः दिवाळखोरीच्या न्यायालयीन देखरेखीखाली होती, तरी ती त्यातून बाहेर आली आणि निक आजही विकलं जातं. विकत, स्वस्त, फुकट, बेवारस आणि पुन्हा विकत, हा सगळा फेरा सहा वर्षांत झाला. या काळात नुकसान कमी झालं ते ज्यांनी निकचा परिणाम टिफमध्ये, म्हणजे जवळपास कुठेही उघडणाऱ्या फोटो फाइलमध्ये, उतरवून ठेवला होता त्यांचं. प्लगइन गेलं तरी फोटो शाबूत राहिला.

पिकासा या फोटो लावून ठेवण्याच्या आणि सुधारण्याच्या प्रोग्रॅमची गोष्ट आपल्याकडे जास्त लोकांना लागू पडते, कारण घराघरात आणि छोट्या स्टुडिओत ते होतं. गूगलने ते 2004 मध्ये घेतलं आणि मार्च 2016 मध्ये बंद केलं. ते मूळ फोटोला हात लावत नसे. प्रत्येक फोल्डरमध्ये 'पिकासा डॉट आयएनआय' नावाची लपलेली फाइल करून कापणी, उजेड, चेहऱ्यांची नावं असं सगळं तिच्यात लिहून ठेवी. 'सेव्ह' दाबलं की मूळ फोटो 'पिकासाओरिजिनल्स' या लपलेल्या फोल्डरमध्ये जाई. लोकांनी नव्या डिस्कवर फक्त दिसणारे फोटो उचलून नेले, लपलेल्या फाइली मागे राहिल्या आणि केलेलं काम गेलं. अशी जुनी डिस्क तुमच्याकडे असेल तर 'लपलेल्या फाइली दाखवा' चालू करून मगच कॉपी करा.

याउलट फोटोशॉपवाल्या ॲडोबीने 2006 मध्ये पिक्समँटेक ही कंपनी घेऊन तिचं रॉशूटर हे फोटोचं सॉफ्टवेअर बंद केलं, तेव्हा रॉशूटर प्रीमियमच्या ग्राहकांना आपल्या लाइटरूमची पहिली आवृत्ती फुकट दिली. खरेदीनंतर ग्राहकाची सोय लावली गेल्याचं हे उदाहरण. आणि ॲपलने 1 नोव्हेंबर 2024 ला जाहीर झालेल्या व्यवहारात फोटोची ॲप बनवणारी पिक्सेलमेटर घेतली, तेव्हा निवेदनात शब्द होते की ॲपमध्ये 'सध्या' कोणतेही मोठे बदल नाहीत. अशा निवेदनात तो 'सध्या' आधी वाचावा.

या सगळ्यातून दिसतं ते असं. सॉफ्टवेअर मालक बदलल्याच्या दिवशी मरत नाही. विंडोज किंवा मॅक ओएसची नवी आवृत्ती येते, नव्या कॅमेऱ्याची रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता दिलेली मूळ फाइल) उघडत नाही, किंवा हार्ड डिस्क गेल्यावर पुन्हा टाकताना ॲक्टिव्हेशन अडतं, तेव्हा ते मरतं. म्हणून तयारी याच ठिकाणी करायची.

पहिलं काम इन्स्टॉलरचं. ॲफिनिटी फोटो 2 चा शेवटचा, म्हणजे 2.6 मालिकेतला इन्स्टॉलर उतरवून दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा. विंडोजवर एमएसआयएक्स आणि साधा ईएक्सई किंवा एमएसआय असे प्रकार होते. साधा घ्या, बाहेरच्या प्रोग्रॅममधून बोलावताना तो कमी त्रास देतो. खरेदीचा ईमेल, पावती आणि ॲफिनिटी खात्याचा पासवर्ड कागदावर लिहून ठेवा. हे खातं दुकान सोडून गेलेल्या मुलाच्या ईमेलवर असेल तर ते आजच बदला, कारण दुसरी आवृत्ती पुन्हा टाकल्यावर सुरू करायला एकदा ऑनलाइन साइन-इन लागतं. सर्व्हर चालू आहे तोवर दोन्ही संगणकांवर ॲक्टिव्हेट करून घ्या, मग इंटरनेट काढून संगणक बंद-चालू करून ॲप उघडतं का बघा. ज्या संगणकावर डिलिव्हरीचं काम चालतं त्यावर ऑपरेटिंग सिस्टिमची मोठी उडी ऐन लग्नसराईत घेऊ नका.

नवी ॲफिनिटी जुनीच्या शेजारी टाकता येते, टाकून बघायला हरकत नाही. पण इथे एक सापळा आहे. नवी आवृत्ती जुन्या एएफफोटो फाइली उघडते, मात्र ती स्वतः 'एएफ' या नव्या स्वरूपात साठवते आणि ते दुसरी आवृत्ती उघडू शकत नाही. पहिलीकडून दुसरीकडे जातानाही हेच झालं होतं: दुसरीत उघडून सेव्ह केलेली फाइल पहिलीत परत उघडत नसे. एका संगणकावर नवी आणि दुसऱ्यावर जुनी अशी स्थिती असली की अर्धा अल्बम एकाच संगणकावर अडकतो. म्हणून नवीमध्ये उघडायची ती फाइलची प्रत, मूळ नव्हे. मूळ फोल्डर 'फक्त वाचन' करून ठेवा.

आता खरं कष्टाचं काम, बाहेर काढणं. चार-पाचशे फाइली सरसकट काढत बसू नका. ज्याची डिलिव्हरी होऊन गेली आहे आणि ज्यात आता बदल होणार नाही, त्याचं सपाट टिफ (सगळे लेयर एकत्र केलेलं) पुरे. पुन्हा पुन्हा वापरायच्या शीट आणि टेम्प्लेट यांना लेयर हवेत, त्यांचं पीएसडी (फोटोशॉपचं लेयर जपणारं स्वरूप) करा. चालू कामाला हात लावू नका, ते जुन्या आवृत्तीतच संपवा.

जागेचा हिशोब आधी करा. बिट म्हणजे रंगाच्या छटा किती बारीक साठवल्या जातात ते. 24 मेगापिक्सेलचा सपाट 16 बिट टिफ दाबल्याशिवाय सुमारे 144 एमबी होतो, 8 बिट 72 एमबी. निवडक 500 फोटो 16 बिटमध्ये म्हणजे 72 जीबी. अल्बमची 12 बाय 36 इंची शीट 300 डीपीआयला 3600 गुणिले 10800 पिक्सेल भरते, 8 बिटमध्ये सुमारे 117 एमबी. वीस शीटचा अल्बम अडीच जीबीच्या आत बसतो. आजच्या 4 टीबी डिस्कपुढे हे काहीच नाही. शीट 8 बिट ठेवली तरी चालेल, कारण ती तशीही छपाईच्या लॅबला एसआरजीबी या नेहमीच्या कलर स्पेसमधली (रंगांच्या आवाक्यातली) जेपीईजी म्हणूनच जाणार. ज्या फोटोत पुढे रंग हलवावे लागतील तो 16 बिट ठेवा, विशेषतः प्रोफोटो आरजीबीत असेल तर. त्या रुंद कलर स्पेसमध्ये 8 बिट ठेवलं की आभाळात आणि शालूच्या घडीत पट्टे दिसू लागतात. टिफ दाबायचा, म्हणजे फाइल लहान करायची असेल तर झिप निवडा. 16 बिटला एलझेडडब्ल्यू ही दुसरी पद्धत लावली की फाइल बऱ्याचदा लहान होण्याऐवजी मोठी होते.

सपाट टिफचं काम 'फाइल' मेनूतल्या 'न्यू बॅच जॉब'ने होतं. फाइली जोडा, वेगळं फोल्डर द्या, टिफ निवडा. आधी पाचच फाइली चालवा आणि निघालेला टिफ दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडून बिट आणि कलर प्रोफाइल तपासा, मगच बाकीच्या लावा. टिफच्या एक्स्पोर्टमध्ये 'सेव्ह ॲफिनिटी लेयर्स' अशी एक खूण असते. तिने दिशाभूल होते: ते लेयर फक्त ॲफिनिटीलाच दिसतात, बाकी सगळ्यांना फाइल सपाटच मिळते. ती खूण काढून टाका, उगाच फाइल फुगते.

पीएसडी करताना मात्र प्रत्येक फाइलकडे बघावं लागतं. एक्स्पोर्टमध्ये दोन तयार पर्याय असतात: एक दिसणं जपतो, दुसरा बदल करण्याची सोय जपतो. दुसरा निवडला की लेव्हल्स, कर्व्हज असे उजेड-रंग बदलणारे साधे ॲडजस्टमेंट लेयर बहुतेक पलीकडे जातात. लाइव्ह फिल्टर (नंतरही बदलता येणारे परिणाम) जात नाहीत, ते पिक्सेलमध्ये मुरवावे, म्हणजे फोटोतच कायमचे उतरवावे लागतात. 'नेगेशन', 'रिफ्लेक्ट', 'ग्लो', 'कॉन्ट्रास्ट निगेट' हे ब्लेंड मोड (लेयर खालच्या लेयरमध्ये मिसळण्याच्या पद्धती) फोटोशॉपमध्ये नाहीतच. त्या ठिकाणी रंग बदललेला दिसला तर दोष पीएसडीचा नाही. एका फोटोच्या आत अडकवलेले ॲडजस्टमेंट, म्हणजे त्याच फोटोपुरते लावलेले, कधी सुटून खालच्या सगळ्यावर पसरतात. एकच खूण धरा: पीएसडी उघडल्यावर त्यावर मूळचा सपाट टिफ लेयर म्हणून टाका, ब्लेंड मोड 'डिफरन्स' करा. सगळं काळं दिसलं तर रूपांतर बरोबर झालं. जिथे उजळ डाग दिसतो तिथेच काहीतरी तुटलंय, फक्त तेवढा लेयर मुरवून पुन्हा एक्स्पोर्ट करा. नुसत्या डोळ्याने दोन खिडक्या शेजारी ठेवून हे फरक सापडत नाहीत.

रॉ फाइलवरून काम केलं असेल तर डेव्हलप करताना, म्हणजे रॉपासून फोटो बनवताना, आउटपुट काय ठेवलं होतं ते बघा. दुसऱ्या आवृत्तीत पिक्सेल लेयर, फाइलच्या आत ठेवलेला रॉ लेयर आणि बाहेरून जोडलेला रॉ लेयर असे तीन प्रकार आहेत. बाहेरून जोडलेला असेल आणि रॉचं फोल्डर हललं असेल, तर फाइल अर्धवट उघडते. 'रिसोर्स मॅनेजर'मध्ये तुटलेल्या जोडण्या दिसतात. त्या जोडून, आत घेऊन मग एक्स्पोर्ट करा. 'सेव्ह हिस्टरी विथ डॉक्युमेंट' चालू असलेल्या फाइली अवाढव्य होतात. संग्रहात टाकण्याआधी ते बंद करून सेव्ह केलं तर जागा सुटते.

अनेक स्टुडिओंचा एक ठरलेला रंग असतो, हळदीला असा आणि रिसेप्शनला तसा. तो ॲफिनिटीच्या मॅक्रोत (साठवून ठेवलेल्या कृतींत) किंवा प्रीसेटमध्ये (साठवलेल्या सेटिंगमध्ये) असेल तर दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये नेता येत नाही. पण 'एक्स्पोर्ट एलयूटी'ने त्याची 'क्यूब' फाइल, म्हणजे कुठला रंग कशात बदलायचा याचा तक्ता, काढता येते आणि ती फोटोशॉपपासून व्हिडिओच्या डाविंची रिझॉल्व्हपर्यंत सगळीकडे चालते. तिच्यात फक्त रंग आणि उजेडाचे बदल उतरतात. शार्पनिंग, क्लॅरिटी, मास्क लावून केलेलं काही उतरत नाही, त्यामुळे ती काढण्याआधी असे लेयर बंद करा. स्टुडिओची ओळख ज्या रंगावर आहे तो असा मोकळा करून ठेवणं, या सगळ्या कामात मला सर्वात मोलाचं वाटतं आणि त्याला दहा मिनिटं पुरतात.

नवा कॅमेरा घेणार असाल तर दुसऱ्या आवृत्तीला त्याची रॉ फाइल कळणार नाही, कारण अपडेट थांबले. ॲडोबीचा डीएनजी कन्व्हर्टर (रॉ फाइल डीएनजी या सामाईक स्वरूपात बदलणारा) फुकट आहे, त्यातून डीएनजी करून काम भागतं. त्याच्या पसंतीत सुसंगततेसाठी जुनी आवृत्ती निवडा. 2023 च्या डीएनजी 1.7 पासून जेपीईजी एक्सएल पद्धतीची दाबणी आली आहे आणि जुने प्रोग्रॅम ती वाचत नाहीत. कॅमेऱ्याची मूळ रॉ फाइल (एनईएफ, सीआर3 किंवा एआरडब्ल्यू) पुसू नका. त्यातून उद्याचं सॉफ्टवेअर आजच्यापेक्षा चांगला फोटो काढू शकतं.

अल्बमवर मराठी नावं टाकणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको, पण निर्णयात धरायला हवं: ॲफिनिटी फोटो 2 युनिकोड देवनागरी नीट जुळवत नाही. 'शिल्पा' लिहिलं की पहिली वेलांटी श च्या नंतर पडते आणि ल्प चा पाय मोडलेला दिसतो. म्हणून लोक श्रीलिपीसारखे जुने फॉन्ट वापरतात किंवा इंकस्केप या चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये मजकूर लिहून, अक्षरांचे आकार (पाथ) करून एसव्हीजी फाइल आणतात. जुन्या फॉन्टमधला मजकूर पीएसडीत मजकूर म्हणून नेऊ नका. पलीकडे तो फॉन्ट नसेल तर 'चि. सौ. कां.' च्या जागी इंग्रजी अक्षरांची रांग उमटते. आधी अक्षरांचं कर्व्हमध्ये, म्हणजे आकारांत रूपांतर करा आणि नावांची यादी वेगळ्या युनिकोड फाइलमध्ये ठेवा. नवी ॲफिनिटी किंवा दुसरं काहीही पारखताना पहिली चाचणी हीच घ्या: 'शिल्पा', 'श्री', 'कुऱ्हाडे', 'ज्ञानेश्वर' लिहून बघा, मग पीडीएफ काढून पुन्हा बघा.

राहिला फोटोशॉपचा प्रश्न. बाजारातली 12 बाय 36 ची टेम्प्लेट पीएसडीत येतात, हाताखाली येणारी मुलं फोटोशॉपच शिकून येतात आणि देवनागरी तिथे नीट चालते. तुमचं निम्म्याहून जास्त काम अल्बमचं असेल तर एका संगणकापुरती वर्गणी घेणं हिशोबात बसतं. ती बारा महिने चालवायची की सीझनपुरती, ते करार वाचून ठरवा, कारण वार्षिक करार मासिक हप्त्यात भरत असाल तर मध्येच सोडताना शुल्क लागतं. रिटचिंगच मुख्य असेल तर ॲफिनिटीची दुसरी आवृत्ती अजून बरीच वर्षं काम देईल. मार्च 2025 मध्ये आलेल्या जिंप 3.0 या फुकट फोटो प्रोग्रॅममध्ये फिल्टर नंतर बदलता येण्याची सोय आली आहे आणि ते पीएसडी उघडतं. रॉसाठी डार्कटेबल हा फुकट प्रोग्रॅम आहे. रोजच्या कामाला नको असतील तरी दोन्ही टाकून ठेवा, तुमची पीएसडी आणि टिफ तिसऱ्या ठिकाणी उघडतात का हे तपासायला ती उपयोगी पडतात.

नव्या ॲफिनिटीवर रोजचं काम नेण्याआधी दोन-तीन मोठे अपडेट जाऊ द्या आणि काही गोष्टींवर लक्ष ठेवा. आज फुकट असलेलं एखादं साधं हत्यार सशुल्क बाजूला गेलं, पीएसडी किंवा टिफ एक्स्पोर्टवर मर्यादा आली, इंटरनेटशिवाय चालण्याची मुदत ठरवली गेली, किंवा फाइल मुळात क्लाउडवर (कंपनीच्या सर्व्हरवर) साठवायचा आग्रह सुरू झाला, तर त्याच आठवड्यात बाहेर पडा. यातलं काहीच झालं नाही तर निवांत वापरा. दर सहा महिन्यांनी संग्रहातल्या कुठल्याही पाच फाइली, ज्या संगणकावर ॲफिनिटी नाही अशा संगणकावर उघडून बघा.